खिडकीकडचा उतार

बद्रीनाथबद्दल गारखेड्यात काय वाट्टेल ते ऐकायला मिळेल. जमीन प्लॉटवाल्यांना देऊन हा माणूस शेठ झाला म्हणतात, कचेरीत कारकुनी करताना टेबलाखाली झोपायचा म्हणतात. त्याला स्वतःला मात्र एकाच गोष्टीचा अभिमान, आणि काळजात काटाही तिचाच: पूलच्या, म्हणजे टेबलावर काठीनं बॉल मारायच्या खेळाच्या, स्पर्धेचे दोन कप.

नव्वदीच्या दशकात उस्मानपुऱ्यात नानासाहेबांचा क्लब होता, वरच्या मजल्यावर. दिवाळी झाली की स्पर्धा. बघे पार जिन्यापर्यंत दाटायचे. कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या पोरानं कुणाला चिठ्ठी दिली, सगळं तिथंच कळायचं. निम्मे तर खेळ सोडून त्याच्यासाठीच यायचे.

क्लबातली फरशी खचलेली. त्यामुळं टेबलाला खिडकीकडं हलकासा उतार. हळू मारलेला बॉल शेवटी शेवटी तिकडं ओढला जायचा. गावच्या गड्यांच्या हातात ते बसलेलं. बाहेरचा खेळाडू मात्र हुकायचा आणि बिचारा आपली क्यू, म्हणजे खेळायची काठी, डोळ्यापुढं धरून वाकलीय का ते बघत बसायचा.

दोन्ही फायनलला बद्रीनाथनं हरवलं ते जब्बारला. हा औरंगपुऱ्यातला टेलर, बद्रीनाथचा जिवलग. पण जीभ कात्रीहून तेज. भर चहाच्या घोळक्यात म्हणाला, “बद्री, कप तुझा नाय यार. उताराचा हाय. हार त्याच्या गळ्यात घाल!”

झालं! बद्रीनाथ तडक नानासाहेबांपुढं उभा. “मालक, टेबल सरळ करा. मग दाखवतो याला.”

मिस्त्री आला, त्यानं पाणसळ लावली, पायाखाली पाचर ठोकली. त्या वर्षी जब्बार बहिणीच्या लग्नापायी जालन्याला अडकला आणि बद्रीनाथ पहिल्याच फेरीत एका कॉलेजच्या पोराकडून गारद झाला. चॅम्पियनच पडला म्हटल्यावर लोकांनी बघायचं कुणाला? पुढच्या वर्षी नावंच आली नाहीत. क्लब गेला, मोबाइलचं दुकान आलं.

बायको आशाबाई म्हणायची, “अहो, त्या कपात निदान चमचे तरी ठेवू द्या.” तो हसायचा. पण मनात एकच किडा: आपण खेळाडू होतो, का नुसते उतारावर घरंगळलेले?

परवा तो पँट शिवायला जब्बारच्या नव्या दुकानात गेला. कापड बेतायच्या टेबलावरचा प्लायवुड जब्बारनं बाजूला केला. खाली हिरवं, विटलेलं कापड.

“क्लबातलंच टेबल. नानासाहेबांच्या गोदामातून आणलं,” जब्बार म्हणाला. “मार.”

“नको.”

“भ्यायलास व्हय?”

बद्रीनाथनं क्यू घेतली. बॉल अलगद गेला आणि कोपऱ्यातल्या पॉकेटला दोन बोटं चुकला.

“बघ,” तो पडल्या आवाजात म्हणाला. “तुझंच खरं होतं.”

बॉल त्याच जागी ठेवून जब्बारनं मारला. तोही चुकला. त्याच बाजूला, तितकाच.

बद्रीनाथ खाली वाकून टेबलाचे पाय बघू लागला.

“तिथं काय बघतो? फरशी सरळ हाय. हात वाकडे हायेत, दोघांचे,” जब्बार म्हणाला. “उतार काय तुझ्या एकट्याच्या बाजूनं होता? मी बी त्यावरच शिकलो. आणि त्यावरच दोनदा हरलो.”

“मग तवा तसं का बोललास?”

“हरलेला माणूस काय आरती ओवाळणार?”

बद्रीनाथनं बॉल उचलून पुन्हा मधोमध ठेवला.

“लाव बाकीचे. सरळ टेबलावर शिकायचं राहिलंच आपलं.”

“आधी माप दे,” जब्बार टेप काढत म्हणाला. “वाकलास तवा जुनी पँट उसवली तुझी.”