सामना सोडून बाकी सगळं

मला खेळता काही येत नाही, हे आधीच सांगून टाकते. शाळेत एकदा मुलगी कमी पडली म्हणून मला कबड्डीच्या संघात घेतलं आणि पहिल्याच चढाईत माझा दम तुटला. पण घरी येऊन त्या सामन्यावर मी चार पानं लिहिली. त्यातलं एक पान माझ्या तुटलेल्या दमावरच होतं. तेव्हापासून गल्लीतलं क्रिकेट असो की यात्रेतल्या कुस्त्या, आपण वही घेऊन हजर. आई म्हणायची, "पोट्टी जेवाले बलावलं त येत नाई, अन् कुस्ती म्हटलं की पयते."

बारावीत असताना मी जाहीर केलं की मला क्रीडा पत्रकार व्हायचंय. बाबा वांग्याची रोपं लावत होते. मान वर न करता म्हणाले, "आपल्या गावात हाये ना एक पत्रकार. झेरॉक्सचं दुकान चालवते." मग पुढचं रोप दाबत म्हणाले, "डी. फार्मसी कर." आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पोरांचं काय करावं हे सुचलं नाही की डी. फार्मसी सुचते.

माझी चुलत बहीण माझ्याहून वर्षानं लहान. अंगानं काडी, पण मैदानात उतरली की कोणाच्या बापाला ऐकायची नाही. तिचा बाप म्हणजे आमचे मोठेबाबा. माणूस लाखाचा, पण स्टेज दिसलं की पाय तिकडेच वळायचे. त्या वर्षी जिल्ह्याचे सामने आमच्याच शाळेच्या मैदानावर ठरले. जिंकणारा संघ विभागीय सामन्यांसाठी अमरावतीला जाणार होता. बहिणीनं आधीच विचारून ठेवलं, तर मोठेबाबा म्हणाले, "एवढ्या लांब कायले? गावातल्या गावात खेळ ना." मी मध्ये पडले. मग ते मला म्हणाले, "पेपरात तिचं नाव येऊ दे, मंग पाहू." पेपरात छापलं ते खरं, बाकी सगळ्या गप्पा, असा त्यांचा हिशोब. मी म्हटलं, "आणते छापून." माझी जीभ अशीच आहे, माझ्या आधी धावते.

सामन्याच्या दिवशी उद्घाटनच दोन तास चाललं. नारळ, शाल, भाषण, परत शाल. खेळाडूंना केळी दिली म्हणून मोठेबाबांनाही शाल मिळाली. ती खांद्यावर ठेवूनच ते टमाट्याचे कॅरेट घेऊन बाजाराला गेले. पोरगी मैदानात उतरली तेव्हा ते गावाबाहेर पोचले असतील.

आणि काय खेळली ती! मेहकरकडचा संघ, पोरी दणकट. शेवटची चढाई, गुण बरोबरीत. तिघींनी तिला धरलं, एकीनं पाय, दोघींनी कंबर. ती पालथी पडली, पण तोंडातलं कबड्डी-कबड्डी सुटलं नाही. सरपटत सरपटत तिनं मधल्या रेषेला दोन बोटं लावली आणि सामना आमचा झाला. मी ओरडता ओरडता लिहीत होते, म्हणून त्या पानावरचं अक्षर अजून लागत नाही.

बातमी नीट उतरवून मी झेरॉक्सच्या दुकानात नेऊन दिली. वार्ताहर काका म्हणाले, "मस्त लिवलं वं." तिसऱ्या दिवशी छापून आली. नारळ कोणी फोडला, सूत्रसंचालन कोणी केलं, आभार कोणी मानले, अकरा पाहुण्यांची नावं, आणि शेवटी, 'स्पर्धा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडल्या.' कोण जिंकलं ते नाही. बहिणीचं नाव नाही. सातव्या नंबरावर 'प्रगतिशील शेतकरी' म्हणून मोठेबाबा होते.

माझं डोकं फिरलं. तशीच दुकानात गेले. काका शांतपणे कागद मोजत होते. "ज्याचं नाव येते तो पेपर घेते, बाई," ते म्हणाले. "खेळनाऱ्या पोट्ट्या पेपर घेतात काय?"

घरी आले तर मोठेबाबा कात्रण खिशात घालून अंगणभर फिरत होते. बहिणीनं त्यांना चहा दिला, कात्रण वाचलं आणि म्हणाली, "बाबा, तुमचं नाव चांगलं आलं." मग बकरीला पाणी दाखवायला निघून गेली. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी शाळेत अमरावतीचं संमतीपत्र द्यायचं होतं आणि त्यावर मोठेबाबांची सही नव्हती.

सकाळी उठून मी ग्रामपंचायतीच्या फळ्यापाशी गेले. त्यावर सुविचार आणि नळाची वेळ होती. नळाची वेळ राहू दिली, सुविचार पुसला आणि शेवटची चढाई लिहिली. कोणी धरलं, कसं धरलं, दोन बोटं कुठं लागली, सगळं. पाहुणा एकही नाही. फळा संपला तेव्हा खाली भिंतीवर लिहिलं.

मोठेबाबा भाजीची गाडी घेऊन निघाले होते. गर्दी पाहून थांबले, उतरले. ओठ हलवत त्यांनी सगळं वाचलं, भिंतीवरचं वाकून वाचलं.

"तिघीयनं धरलं होतं?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"अन् म्या टमाटे इकून राह्यलो होतो."

मला वाटलं, आता पेपरची अट पुढे करतील. त्यांनी हात पुढे केला. "पेन दे. कागद कुठी हाये तिचा?"

अमरावतीला ते स्वतः गेले तिच्यासोबत. माझी परीक्षा होती म्हणून मी घरीच. दुपारी त्यांचा फोन आला. "लिवून घे," ते म्हणाले, आणि सुरूच झाले. पहिल्या डावात काय झालं, पंचानं कुठं चूक केली, हिनं पकड कशी सोडवली. दोन गुणांनी हरलो, हे त्यांनी शेवटी सांगितलं. मी लिहीतच होते. मला त्यांची जरा गंमत करावीशी वाटली. म्हटलं, "मोठेबाबा, पाहुणे कोण कोण होते?"

"कोन पाहुने?" ते चिडून म्हणाले. "म्या त मॅच पाहून राह्यलो होतो."

ती बातमी मी फळ्यावर लिहिली, हरल्याची. आता बुलढाण्यात कॉलेजला आहे, डी. फार्मसीला नाही. कुठलीही बातमी लिहून झाली की आधी मोठेबाबांना फोनवर वाचून दाखवते, आणि ते मधेच थांबवून विचारतात, "ते सारं ठीक हाये. पन धरलं कसं होतं, ते सांग."