शेळीनं खाल्लेली वांगी

माझ्या सासूबाई मनकर्णाबाई इंझोरीत पावसाळाभर भाजी विकत घेत नाहीत. उन्हाळ्यात वांगी, गवार, टमाटे स्वस्त झाले की चिरून स्लॅबवर वाळवतात आणि डबे भरून ठेवतात. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात मी वांग्याच्या त्या काळ्या फोडी कचरा समजून शेळीपुढे टाकल्या. वाटलं, आता आपली खैर नाही. सासूबाई तडक बाहेर गेल्या, तीन घरांतून ओंजळ ओंजळ फोडी मागून आल्या आणि खेकसल्या, "रडून कायले राह्यली? मीबी पहिल्या साली गाईले चारल्या होत्या. तवा शेजारच्या लतीफानं मले डबा भरून देल्ला."

आता वाळवण मीच करते. लतीफाचाचींकडे नवी सून येतेय, म्हणून यंदा एक डबा जास्तीचा भरलाय.