उजवा कौल

माझा आवाज नववीत गेला. कुठे गेला, कशानं गेला, परत येणार की नाही, यातलं एक अक्षर मला त्या वेळी कोणी धड सांगितलं नाही. आज डोक्यावर केस उरलेले नाहीत, पण तो फाल्गुन आठवला की हे डोकं अजून तापतं. गावात एवढी माणसं, त्यातली निम्मी पुरुष, आणि एकालाही तोंड उघडवेना?

आमचं हायस्कूल मालवणच्या वरच्या अंगाला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. गाण्याचे सर मुळात चित्रकलेचे, घाटावरून आलेले. पेटी बरी वाजवतात म्हटल्यावर हेडमास्तरांनी गाणंही त्यांच्या गळ्यात मारलं. दर वर्षी शिमग्याच्या आधी शाळेच्या मैदानावर मुलामुलींच्या गाण्यांचा कार्यक्रम व्हायचा. शिमग्याला मुंबईचे चाकरमानी गावी उतरतात, म्हणजे समोर माणसं मिळतात. कार्यक्रमाची सुरुवात ईशस्तवनानं. ते सरांनीच रचलेलं होतं, आणि त्यातली पहिली दोन कडवी एकट्यानं म्हणायची.

आठवीत ती मी म्हटली होती. अशी म्हटली की हेडमास्तरांनी उठून पाठ थोपटली, आणि आई तर चार दिवस जमिनीवरून चालत नव्हती. फक्त बाबा नव्हते. ते मुंबईला एका छापखान्यात होते आणि सलग दोन शिमगे त्यांना रजा मिळाली नव्हती. आईनं मुलाचं कौतुक त्यांना कळवलं, झिल बरो गाता. तेव्हापासून प्रत्येक पत्राच्या शेवटी त्यांची एक ओळ असायची, 'यंदा काहीही झाले तरी येतो. तुझे गाणे ऐकायचे आहे.' ती ओळ मी इतक्या वेळा वाचली होती की घडीवर कागद फाटला होता. मला दुसरं काही नको होतं. बाबांनी समोर बसून एकदा ऐकावं, बस्स.

माघात तालमी सुरू झाल्या. पेटी काळी चारवर, माझा नेहमीचा सूर. पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीत वरच्या सावर चढलो आणि गळ्यातून एकदम दोन आवाज निघाले, एक माझा आणि एक कोणा रेड्याचा. सगळा वर्ग खो खो हसला. सरांना वाटलं मी मस्करी करतोय.

"जास्त शहाणा झालास काय?" ते म्हणाले. "चल, बाहेर उभा राहा."

मी बाहेर उभा राहिलो. मला तरी कुठे माहीत होतं मी काय केलं ते! दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. कधी ओळ सरळ जायची, कधी मधेच पायाखालची फळी निघावी तसा सूर निसटायचा. मला आधी कळायचंच नाही, आज कुठला आवाज निघणार ते.

आईनं घरी दोन शब्द ऐकले आणि तिचा निकाल तयार. "बोंडू खाल्लंस मेल्या! शिरा पडो त्या बोंडवार. सांगलंय होतंय ना तुका, घसो धरता म्हणान?"

खाल्ले होते. खोटं कशाला बोलू? काजूची पिकलेली बोंडं खाल्ली की घशाला खवखव सुटते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि खाल्ल्याशिवाय कोणी राहतही नाही. आईनं बोंडू बंद केले. मग मिठाच्या गुळण्या, हळद घातलेलं दूध, मिरी न् खडीसाखर, ज्येष्ठमधाची काडी. पंधरा दिवस मी काड्या चघळत हिंडलो. आवाज होता तिथेच.

इकडे सरांचा संशय पेटीवर. खाऱ्या हवेनं सूर चढले असणार म्हणून त्यांनी एका रविवारी आख्खी पेटी उघडली, एकेक सूर कुंच्यानं पुसला, उन्हात ठेवला. सोमवारी पेटी झकास वाजत होती आणि मी पूर्वीसारखाच फाटत होतो. मग त्यांनी सूर काळी दोनवर उतरवला. मला जरा बरं गेलं, तर मागच्या कोरसमधल्या मुली ओरडायला लागल्या, "सर, एवढ्या खाली आमचा आवाजच निघत नाही." एक सांधता तेरा तुटे, अशी गत.

शेवटी सरांनी शहाणपणाचा निर्णय घेतला. पाचवीत एक मुलगी होती, एवढीशी, पण आवाज स्वच्छ. तिला पुढे उभं करायचं ठरवलं. मी मुलींच्या सायकली लावायच्या छपरामागे जाऊन रडलो, पण आज म्हणतो, सर बरोबर होते. तिथेच सगळं संपलं असतं आणि हे लिहायचीही वेळ आली नसती.

पण आमचं हायस्कूल देवाच्या जमिनीवर. त्यामुळे कार्यक्रमाआधी तारीख आणि ईशस्तवन म्हणणाऱ्या पोराचं नाव देवाच्या कानावर घालायची पद्धत. माझं नाव माघातच घालून झालं होतं. शाळेच्या कमिटीतले सर्वांत वयस्क मानकरी सरांवर उखडले.

"देवाक सांगून झाला, मास्तर. आता बदलूचा तर देवाकच इचारूक होया. तुमी आमी कोण?"

सर घाटावरचे. त्यांना वाटलं बोलून सोडून देतील. तर दुसऱ्या दिवशी सकाळी सर, मानकरी, मी आणि आई देवळात उभे! गुरवानं पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, तुझ्या जाग्यातल्या शाळेत ह्यो झिल गाणा म्हणतलो म्हणान तुका सांगितलेला. तोच म्हणूक होयो, तर उजवो कौल दी रे म्हाराजा!" आम्ही सगळे सवयीनं "व्हय म्हाराजा" म्हणालो. सरही म्हणाले, जरा उशिरा.

पाकळी पडली. उजवी.

"पण त्याच्या आवाजाचं काय?" सरांनी हळूच विचारलं.

"तां देव बघतलो," मानकरी म्हणाले आणि चालू पडले.

सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी मात्र आनंदानं घरापर्यंत पळत गेलो. देवच म्हणतोय मी गाणार, म्हणजे आवाज परत येणारच की! फार तर आठ दिवस लागतील. देवळामागच्या विहिरीवर रोज सकाळी जाऊन मी सा लावायला लागलो. विहिरीत तोंड घालून गायलं की आवाज घुमतो आणि जरा बरा वाटतो.

पाचव्या दिवशी मागे गुरव येऊन उभा राहिला, हातात कळशी. हा गुरव थंडीच्या दिवसांत दशावतारात स्त्रीपार्ट करायचा. लुगडं नेसून उभा राहिला की बायका स्वतःचे पदर सारखे करायच्या, इतका देखणा. त्यानं थोडा वेळ ऐकून घेतलं.

"किती दीस करतलंस ह्या?"

"आवाज येयपर्यंत."

"येवचो नाय तो," तो म्हणाला. अगदी साधेपणानं, आज मासे नाय इले म्हणावं तसं. "फुटलो तुझो आवाज. माझोय असोच गेलो, तुझ्या वयाक. दशावतारात ल्हान चेडवाचा, पोरीचा काम करी होतंय, येका म्हयन्यात सगळा गेला. मगे ह्यो नाकातसून काडूक शिकलंय." आणि त्यानं तिथल्या तिथे द्रौपदीच्या आवाजात मला एक हाक मारून दाखवली. माझ्या अंगावर काटा आला.

"पण कौल तुमीच लावलास ना?"

"लावलंय. उजवी पडली, उजवी म्हणान सांगलंय. तां देवाचा सांगणा. माझा इचारशीत तर गेलो तो. सगळ्या झिलग्यांचो जाता रे, तुका कोणी सांगूक नाय?"

नाही हो! कोणी सांगितलं नव्हतं. सरांचा आवाज काय जन्मतःच भरडा होता? मानकऱ्यांचा? हेडमास्तरांचा? बोंडू झाले, पेटी झाली, देव झाला, पण 'बाळा, तू मोठा होतोयस' एवढं म्हणायला सगळ्यांच्या जिभा जड झाल्या होत्या. त्या काळी अंगातली गोष्ट कोणी बोलायचं नाही, ते एक. पण त्या विहिरीवर मला धड रागही करता येईना. एकाच माणसाच्या तोंडून देव म्हणत होता गाणार आणि तोच माणूस म्हणत होता आवाज गेला. मी खरं कोणाचं मानायचं? मी घरी जाऊन न जेवता पडून राहिलो. आईनं कपाळाला हात लावून ताप बघितला.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सरांनी मला चित्रकलेच्या वर्गात बोलावलं. ती पाचवीतली मुलगीही तिथे बाकावर पाय हलवत बसली होती.

"हे बघ," सर म्हणाले, "तू पुढे उभा राहा. तुझ्या पुढचा माइक बंद ठेवायला सांगतो. ही पडद्याआड माझ्या पेटीजवळ बसून गाईल. तू नुसतं तोंड हलवायचं."

"पण सर, देवानं मला गायला..."

"लोकांना तूच गाताना दिसशील. मग झालं की नाही देवाचं?" थोडा वेळ ते पेटीच्या पट्ट्यांवरून बोटं फिरवत राहिले. "मलाच काही कळेनासं झालंय रे. उद्याचा दिवस पार पडू दे."

त्यांचीही दया आली मला. पण बाबांना काय सांगायचं, हा विचार काही सुटेना.

बाबांची गाडी सकाळी यायची, ती घाटात बंद पडली. दुपारी नाही, चारला नाही. मैदान माणसांनी भरलं, कार्यक्रम सुरू व्हायला आला, आणि मी देवाला म्हटलं, गाडी आज येऊच नको देऊ. म्हटलं आणि लगेच तोंडात मारून घेतली. वर्षभर ज्या माणसाची वाट बघितली, तो येऊ नये असं म्हणालो मी!

पडदा वर गेला तेव्हा ते दिसले. अगदी मागे, हातात पिशवी तशीच, एसटीच्या धुळीनं केस पांढरे. बसायला जागा असून उभे होते. माझ्याकडे बघत होते.

पेटी सुरू झाली. पडद्याआडून त्या पोरीनं पहिली ओळ घेतली आणि कर्ण्यातून ती सगळ्या मैदानावर पसरली. काय गायली ती! मी तोंड उघडत होतो, मिटत होतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मग दुसऱ्या कडव्याला मला राहवेना. देवानं सांगितलं होतं, मी गाणार. मी गायला लागलो, खाली, जो काही नवा जाड आवाज गळ्यात येऊन बसला होता त्यानं, मेलेल्या माइकसमोर. कोणाला ऐकू गेलं नाही. मलाच जेमतेम गेलं. टाळ्या झाल्या त्या तिच्या गाण्याला.

कार्यक्रम काळोख पडायच्या आत आटपला. बाबा माणसांतून वाट काढत आले आणि त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"आज आयकलंय रे झिला," ते म्हणाले. "वर्सभर वाट बघलंय. जल्माचा सार्थक झाला." त्यांचे डोळे भरले होते. माझ्या बाबांना मी तोपर्यंत डोळ्यांत पाणी आणताना बघितलेलं नव्हतं.

 आई जवळ उभी राहून मैदानाकडे बघत होती. घरच्या वाटेला लागलो. बाबा बोलत होते, छापखान्यातल्या लोकांना कसं सांगणार, पुढच्या वेळी मला मुंबईला नेऊन कोणाला ऐकवणार. मी मान डोलावत होतो. वाटलं, असंच राहावं. रजा आठ दिवसांची, आठ दिवस मी मुका राहीन. आई पुढे चालत होती. ती मागे वळून बघतच नव्हती.

पाणंदीत बाबा थांबले. "बोल रे कायतरी. मघापासून मीच बोलतंय. रागावलंस माझ्यार?"

रागावलो? मी? ते मला सहन झालं नाही.

"नाय, बाबा," मी म्हणालो.

दोनच शब्द. पण ते माझ्या नव्या आवाजात निघाले, आणि बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू कोणी परका बोलला.

"तुझो आवाज फुटलो," ते म्हणाले. एका क्षणात ओळखलं त्यांनी. जे सगळ्या गावाला जमलं नव्हतं ते. "कधी?"

"माघात."

"मगे थंय कोण गाय होता?"

"पाचवीतला एक चेडू. पडद्यामागसून."

मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते वाटेकडेच्या दगडी गडग्यावर बसले आणि पिशवी मांडीवर घेतली.

"मगे तुझो आवाज मी आयकूकच नाय," ते म्हणाले.

 आई परत आमच्यापाशी आली. बाबांनी वर बघून तिला विचारलं, "कसो होतो गो ह्येचो आवाज?"

"बरो होतो," आई म्हणाली.

"बरो म्हणजे कसो?"

आईनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग पदर तोंडाला लावला. बाबा तिच्याकडे बघत राहिले, ती आता सांगेल म्हणून.