उघडा राहिलेला कोट

काकांना काका म्हटलेलं आवडत नसे, म्हणून मी पहिल्या दिवसापासून त्यांना काका म्हणत आले. ऑफिसात बाकी सगळे त्यांना सर म्हणायचे. ते मलकपेठचे. आजोबांची शेती परभणीकडे होती, पण वडिलांपासून घर हैदराबादचंच, त्यामुळे त्यांच्या मराठीत 'हौ' आणि 'परेशान' आपल्याच घरचे असल्यासारखे वावरायचे. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेली, बरकतपुऱ्यात भाड्याने राहणारी. ते मला 'पुणेकर' म्हणत आणि त्या एका शब्दात मावेल तेवढा टोमणा बसवत.

आमचं ऑफिस दिलसुखनगरला, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर. रक्त तपासणाऱ्या यंत्रांसाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहितो. ही यंत्रं आपले निकाल साध्या मजकुरात लिहितात: एका रुग्णाची एक नोंद, नोंदीतल्या दर दोन रकान्यांच्या मधे स्वल्पविराम. ऐकायला सोपं आहे. पण प्रत्येक यंत्राची स्वल्पविरामाबद्दल स्वतःची मतं असतात. म्हणून साहेबांनी काकांना आणि मला एकत्र बसवून सांगितलं, की अशा नोंदी वाचणारी आणि लिहिणारी एकच लायब्ररी तयार करा, म्हणजे बाकीच्यांना तो कोड पुन्हा पुन्हा लिहावा लागणार नाही. यंत्राशेजारच्या डबीएवढ्या छोट्या संगणकात ती बसायला हवी होती, त्यामुळे प्रोग्रामिंगची भाषा सी.

आमचं पहिलं भांडण फंक्शनांच्या नावांवरून झालं. मला वाचताक्षणी कळतील अशी लांब नावं हवी होती. काकांना तीन अक्षरांपुढे दम लागायचा. दुसरं भांडण मेमरीवरून. लायब्ररीने नोंदीसाठी घेतलेली मेमरी कुणी मोकळी करायची? काका म्हणाले, ज्याने घेतली त्याने. मी म्हटलं, मग तुमचा चहाचा कप रोज माझ्या टेबलावर का असतो? त्या दिवशी कप त्यांनी स्वतः विसळला आणि मेमरीचा नियम त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ठरला.

खरं वाजलं ते कोटावरून. रकान्यातच स्वल्पविराम किंवा नवी ओळ असेल, पत्त्यात असते तशी, तर तो रकाना दुहेरी अवतरणचिन्हात घालतात. आम्ही त्याला कोट म्हणायचो. कोट सुरू झाला, की तो बंद होईपर्यंतचं सगळं एकाच रकान्यातलं. प्रश्न असा, की कुणी कोट उघडला आणि बंद करायला विसरला तर? मी म्हटलं, फाइल संपली की लायब्ररीने तो आपणच बंद करावा आणि पुढे जावं, वापरणाऱ्याला उगाच त्रास नको. काकांचं म्हणणं, तिथेच थांबावं आणि तक्रार करावी. दुसऱ्याच्या मजकुरात आपण हात घालायचा नाही. मी माझंच खरं केलं. टाइप मी करत होते, त्यामुळे ते सोपं होतं. काका नुसतं 'हौ' म्हणाले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

लायब्ररी रोज कुठेतरी वापरून बघावी म्हणून आम्ही जेवणाची ऑर्डर तिच्यावर चालवत होतो. सकाळी प्रत्येकजण एका सामायिक फाइलमध्ये आपली ओळ लिहायचा: नाव, पदार्थ आणि काही खास सांगायचं असल्यास ते. माझा प्रोग्राम ती फाइल वाचून गल्लीतल्या मेसवाल्यांना यादी पाठवायचा. काका सगळ्यांच्या आधी येत, त्यामुळे पहिली ओळ नेहमी त्यांची.

एके दुपारी मेसमधून एकच डबा आला. बगारा खाना आणि खट्टी दाल, काकांचा. बाकी कुणाचंच काही नाही. मी फोन केला तर मेसवाले जरा दुखावल्यासारखे वाटले. त्यांनी हिंदीत सांगितलं, की ऑर्डर एकच आली, पण त्या साहेबांची सूचना फार लांबलचक आहे. मिरची कमी, इथपर्यंत त्यांना कळलं. पुढे कुणाकुणाची नावं, दहीभात, पुलाव, पुन्हा नावं, हे सगळं एका डब्यात कसं घालायचं ते समजेना, म्हणून त्यांनी फक्त मिरची कमी केली.

मी फाइल उघडली. काकांच्या ओळीत 'मिरची कमी'च्या आधी एक कोट उघडला होता, नंतर बंद केलेला नव्हता. त्यांच्यामागून आलेल्या सगळ्यांच्या ओळी त्या एका रकान्यात गडप झाल्या होत्या. आणि माझ्या लायब्ररीने फाइलच्या शेवटी सौजन्याने कोट बंद करून, सगळं ठीक आहे, असा निरोप दिला होता.

काका शांतपणे दाल कालवत होते. मी टेबलाशी जाऊन उभी राहिले तेव्हा वर न बघता म्हणाले, "बोटं जाड झाली गं माझी. राहून गेला असंल एखादा कोट."

ऑफिसातले सगळे त्या दिवशी माझ्याकडे भुकेल्या नजरेने बघत होते. कोपऱ्यावरच्या गाडीवर इडल्या संपल्या होत्या, शेवटी बिस्किटांवर भागलं. काकांनी आपली दाल वाटून घ्यायला पुढे केली, ती मी रागाने घेतली नाही आणि मागाहून पस्तावले.

दुसऱ्या दिवशी मी नियम बदलला. कोट उघडा राहिला, तर लायब्ररी थांबेल आणि तो कोणत्या ओळीवर उघडला ते सांगेल. पण हार मानायची तर निदान हसत मानावी, म्हणून चूक सापडल्यावर दिसणाऱ्या संदेशाच्या जागी मी मराठीत लिहिलं: 'काका, कोट उघडा टाकलात. आता सगळ्यांनी उपाशी राहायचं का?' काकांनी कोड तपासताना तो बघावा, आणि मग मी तो बदलून नीट इंग्रजी वाक्य घालावं, असा बेत होता. काकांनी कोड तपासला, ठीक आहे असा शेरा दिला आणि संदेशाबद्दल अवाक्षर काढलं नाही. मला वाटलं, त्यांनी पाहिलाच नाही. वाट बघता बघता तो बदलायचं राहून गेलं.

मग ग्राहकांना दाखवायचा दिवस आला. एका पॅथॉलॉजी लॅबच्या मालकीणबाई स्वतः आल्या होत्या, वयस्कर डॉक्टर, कमी बोलणाऱ्या. आमच्या तयार फाइली त्यांनी पाहिल्या आणि आपल्या पेनड्राइव्हवरची एक फाइल पुढे केली. साहेबांनी ती मोठ्या पडद्यावर चालवली. लायब्ररी मध्येच थांबली आणि काकांना विचारलेला उपासमारीचा प्रश्न भिंतभर उमटला.

साहेब तेलुगू. देवनागरी अक्षरं लागतात, अर्थ लागत नाही. त्यांनी काकांना विचारलं, काय लिहिलंय? काका क्षणभरही न अडखळता इंग्रजीत म्हणाले, की कृपया या ओळीवरचं अवतरणचिन्ह तपासावं, अशी विनंती आहे. माझे कान तापले होते.

बाई पडद्याकडे बघत होत्या. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "विनंतीत काका कोण?"

मी काकांकडे बोट दाखवलं.

"आणि उपाशी कोण राहिलं?"

"सगळे," मी म्हणाले. "काका सोडून."

त्यांनी मला सगळं सांगायला लावलं. मी डब्याची हकीकत सांगितली, काका मान खाली घालून ऐकत होते आणि साहेब प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ती ओळ पुन्हा दाखवायला सांगितली आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली. त्यांच्याकडे अधूनमधून काही रुग्णांचे निकाल यंत्रातून निघायचे आणि संगणकात पोचायचेच नाहीत. तंत्रज्ञ यंत्राला दोष देत, यंत्रवाले तंत्रज्ञांना. कुणीतरी शेऱ्याच्या रकान्यात कोट उघडून सोडला होता, आणि त्यांचं आधीचं सॉफ्टवेअर माझ्यासारखंच सौजन्याने वागत होतं.

लायब्ररी त्यांनी घेतली. संदेश मात्र इंग्रजीत हवा म्हणाल्या, आणि त्यात नातेवाईक नकोत.

त्या गेल्यावर मी काकांना गाठलं. "तुम्ही कोड तपासलात तेव्हा दिसलं नव्हतं?"

"दिसलं की," काका म्हणाले. "पण दुसऱ्याच्या मजकुरात आपण हात घालायचा नाही."

मला आधी संताप आला, मग हसू आवरेना.

साहेबांना अर्थातच सगळं कळलं. ते रागावले नाहीत, पण यापुढे लायब्ररीतलं प्रत्येक वाक्य आपण स्वतः वाचणार, असं त्यांनी जाहीर केलं, आणि त्यासाठी काकांकडे मराठीची शिकवणी लावली. चहाच्या वेळी दोघं कोपऱ्यात बसतात. परवा सकाळी साहेब माझ्या टेबलाशी आले आणि सगळ्यांसमोर, अतिशय अदबीने म्हणाले, "बाई, डोकं ठिकाणावर आहे ना?"

मी म्हटलं, आहे सर, आणि आपलं? त्यांनी प्रसन्न मान हलवली आणि आत गेले. काकांचं म्हणणं, साहेबांना त्या वाक्याचा अर्थ 'सुप्रभात' असाच वाटतो. मला तेवढी खात्री नाही. दार लावताना साहेबांचे खांदे हलत होते.