कार्बोरेटरवाले मिस्त्री

आमच्या मिस्त्रींइतका इंजिनात जीव अडकलेला माणूस मुळशीच्या पाण्यावर दुसरा झाला नाही, आणि आता होणारही नाही, कारण जीव अडकावा असं इंजिनच आता कुणी घेत नाही. धरणाच्या काठावर आमच्या शेठचा बोटींचा धंदा आहे. मी हिंगोलीकडचा, सातवीतून शाळा सोडलेला. बायको-मुलं गावी, आणि 'उद्यापासून येऊ नका' असं कुणी म्हणेल ही धास्ती कायम पोटात. बोट हातात धरायला शिकवली ती मिस्त्रींनी. सहा वर्षं झाली तरी त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. मी आपला 'पाव्हणं'च.

सकाळी पहिलं इंजिन तापल्याशिवाय ते माणसांशी बोलत नसत. इंजिनाशी मात्र अखंड बोलणं चाले. इंजिनाला पेट्रोल पाजणारा कार्बोरेटर उघडून त्याची केसाएवढी भोकं उजेडाकडे धरून अशी साफ करत, की सोनारानं मान खाली घालावी. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर तर त्यांचा भावकीतल्यासारखा राग. म्हणायचे, ह्यात उसाचा रस घालत्यात, मग भोकं चिकटनार न्हाईत तर काय. सख्ख्या मुलीच्या लग्नात व्याह्यांची जुनी जीप घरघरायला लागली, तर हे फेटा काढून बॉनेटमध्ये शिरले. मुहूर्त टळला, भटजी चिडले, व्याही रुसले. मिस्त्री मात्र तेल लागल्या हातांनी अक्षता टाकायला आले तेव्हा इतके खूश होते, की पाहुण्यांना वाटलं मुलगी फारच चांगल्या घरी पडली.

गेल्या हिवाळ्यात शेठनी एक वेगवान बोट घ्यायचं ठरवलं. पर्यटकांना पाण्यावर ओढत न्यायला, आणि कुणी बुडायला लागलं तर धावायलाही. विक्रेत्यानं दोन बोटी आठ दिवस वापरायला दिल्या. एक कार्बोरेटरवाली, एक इंजेक्शनवाली, जिच्यात पेट्रोल किती सोडायचं ते आतला कॉम्प्युटरच ठरवतो. शेठ मला बजावून गेले होते की मिस्त्री आता थकले, नवी बोट ज्याला नीट जमेल तोच माणूस पुढं ठेवणार. माझी झोप उडाली. कार्बोरेटर माझ्या हाताला येत नाही, हे मला आणि मिस्त्रींना दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

सातव्या दिवशी मिस्त्रींनी कार्बोरेटरवाली बोट अशी पळवली, की इंजेक्शनवाली मागं लाटांत नाचत राहिली. शेठनी तिथंच पसंती सांगून टाकली. मिस्त्री म्हणाले, उद्या सकाळी या, इंजिन थंड असताना.

सकाळी दवानं बोटी ओल्या होत्या. मिस्त्रींनी कार्बोरेटरवालीची चावी माझ्या हातात दिली. थंड इंजिनाला जादा पेट्रोल मिळावं म्हणून मी चोक ओढला, जास्तच ओढला. प्लग भिजले, पेट्रोलचा भपकारा आला आणि इंजिन मुकं झालं. शेठ घड्याळ बघत होते. माझ्या डोळ्यांसमोर हिंगोलीची एसटी उभी राहिली. मिस्त्रींनी मला दंडाला धरून दुसऱ्या बोटीत बसवलं. मी चावी फिरवली, आणि ती लागलीच सुरू झाली.

"माज्या हातानं काय बी सुरू हुतंय, शेठ," मिस्त्री म्हणाले. "पर बोट हे पाव्हणं चालवनार हायेत. बुडनारा मानूस चोक जमंस्तवर थांबत न्हाई. इंजेक्शनवाली घ्या."

"आणि तुमी काय करनार?" शेठनी विचारलं.

"गावी मुठ्याला भात हाय की माजा."

इंजेक्शनवाली आली, आणि मी कामावर टिकलो. पावसाळा संपल्यावर पेढे घेऊन मुठ्याला गेलो. मिस्त्री ओसरीवर बसले होते. पेढा हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, "सुरू हुतीया का?"

"होते."

"थंडीत बी?"

"थंडीतही. काही करावंच लागत नाही."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि पेढा तसाच बाजूला ठेवला. मग आत आवाज देऊन चहा टाकायला सांगितला. परतताना, घाट चढताना माझ्या मनात आलं, की निदान एकदा तरी, बोट कधीकधी अडते, असं त्यांना सांगायला हवं होतं.