काम चालू आहे, उघडू नये

दुकानदाराचा फोन आला तेव्हा मी यांच्यावर चिडून बसले होते. डोक्याला तेल चोपडलेलं, साडेदहा वाजून गेलेले आणि घरात गरम पाण्याचा पत्ता नाही. स्वयंपाकघरातल्या सिंकवरचा गरम पाण्याचा नळ चार दिवस ठिबकत होता. सकाळी चहा झाल्यावर यांनी गीझर बंद केला, पॅसेजमधला गरम पाण्याचा कॉक बंद केला, त्या कॉकला आपला तो टॅग बांधला, नळ खोलून आतला झिजलेला वॉशर नमुन्यासाठी खिशात टाकला आणि स्कूटर घेऊन छाणी रोडवरच्या हार्डवेअरच्या दुकानात निघाले. दारात मी म्हटलं, "एका थेंबासाठी अख्ख्या घराचं पाणी बंद. माझं डोकं काय उन्हाळ्यात धुवू?" हे म्हणाले, "वीस मिनिटांत आलो. कॉकला हात लावू नकोस." एवढंच. एक्केचाळीस वर्षांच्या संसारातलं शेवटचं बोलणं, आणि ते नळाबद्दल... फोनवर दुकानदार म्हणाला, "बेन, काका अहीं बेसी गया छे, जरा जल्दी आवो." बसलेत म्हणजे चक्कर आली असेल, असं समजून मी तेलकट केसांचा अंबाडा घातला आणि रिक्षा केली. दुकानाशी पोचले तर त्यांना दवाखान्यात नेलेलं, आणि दवाखान्यात पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. नर्सने घड्याळ, चष्मा आणि शर्टाच्या खिशातलं सामान माझ्या ओंजळीत ठेवलं. त्यात दोन वॉशर होते, एक झिजलेला आणि एक नवा.

यशवंत हे त्यांचं नाव. लिहायला सोपं आहे. तोंडाने मी ते लग्नात उखाण्यात घेतलं, पुढे हळदीकुंकवाला, बँकेत, रेशनच्या ऑफिसात गरजेपुरतं घेतलं. पण नाव घेणं वेगळं आणि नावाने हाक मारणं वेगळं. हाक मारायची तर "अहो" किंवा "ऐकलं का". जळगावकडून बडोद्याला ते फिटर म्हणून आले, एका केमिकलच्या कारखान्यात लागले आणि मेंटेनन्सचे फोरमन होऊन तिथूनच निवृत्त झाले. माणूस कमी बोलणारा. जे बोलत ते बहुधा पाना, स्क्रू आणि पाइप यांच्याशीच, मी आपली मधूनमधून ऐकत असे.

त्या टॅगचं सांगायला हवं, त्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. कारखान्यात कुठलीही लाइन खोलण्याआधी तिचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि त्यावर आपल्या नावाचा टॅग लावायचा. ज्याने लावला त्यानेच काढायचा. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी यांनी दुसऱ्याचा टॅग काढला होता. काम संपलं असणार असं समजून टॅग बाजूला केला आणि वाफेचा व्हॉल्व्ह उघडला. पलीकडे यांच्याच सोबत काम करणाऱ्या परमारभाईंचा हात अजून पाइपमध्ये होता. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गेली. परमारभाईंनी यांना कधी दोष दिला नाही, उलट दर दिवाळीला मिठाईचा डबा घेऊन येत राहिले. हे मात्र लग्नाच्या पहिल्याच महिन्यात मला एकदा बोलले, "एक हाक मारली असती तर..." आणि त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

पण तेव्हापासून टॅग घरात आला. आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणातून कापलेला, तारेचा आकडा, त्यावर लाल शाईत "काम चालू आहे, उघडू नये. यशवंत". पंखा दुरुस्त करायचा असो की मिक्सर, बटणावर आधी टॅग चढायचा. मी म्हणायची, "घरात आपण दोघं, त्यातले एक तुम्ही. हा फलक कोणासाठी?" ते म्हणत, "दुसऱ्यासाठी." एकदा ऐन थंडीत माझी नणंद दोन मुलांना घेऊन आलेली. यांनी कॉकचं पॅकिंग बदललं, काम संपलं, आणि टॅग काढायचा विसरून ड्यूटीला निघून गेले. मुलं कुडकुडत होती, नणंद मला वेडी म्हणत होती, पण मी काही कॉक उघडला नाही. संध्याकाळी घरी आले, सगळं ऐकलं, कपाळाला हात लावला. मग नणंदेसमोर म्हणाले, "हिने बरोबर केलं." पोहे चांगले झालेत एवढंही कधी न म्हणणारा माणूस. ते तीन शब्द मी कितीतरी दिवस मनात घोळवत होते.

म्हणून यावेळीही मी कॉकला हात लावला नाही. तेरा दिवस घरात माणसं होती, सगळ्यांच्या आंघोळी गॅसवर तापवलेल्या पाण्याने झाल्या. लेक पुण्याहून आलेली. "आई, प्लंबरला फोन करते, पाच मिनिटांचं काम आहे," असं तिने दोनदा म्हटलं आणि दोन्ही वेळा मी तिच्या अंगावर ओरडले. ती गेली. मग घरात मी, आणि सिंकवर बोळा कोंबून ठेवलेला उघडा नळ. सगळ्यांना वाटतं एकटेपण म्हणजे रडू येणं. माझं तसं नव्हतं. मी रोज मोठं पातेलं भरून पाणी तापवत होते, दोन बादल्यांचं. एक बादली माझी. दुसरी न्हाणीघरात गार होत राहायची आणि दुपारी मी ती कुंड्यांना घालायची. हे चुकतंय हे कळत होतं, तरी दुसऱ्या सकाळी हात त्याच पातेल्याकडे जायचा. उत्तरायणाला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, आजूबाजूच्या गच्च्यांवर पतंग कापल्याचं "काप्यो, काप्यो" दिवसभर चाललेलं. मी पॅसेजमध्ये खुर्ची टाकून त्या टॅगसमोर बसले होते. लाल अक्षरं म्हणत होती की काम चालू आहे. काम चालू आहे म्हणजे करणारा इथेच कुठेतरी आहे. मला तेवढं पुरत होतं. खरं सांगायचं तर तो टॅग काढला की हे गेले, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

गेल्या रविवारी परमारभाई आले. पाणीगेटहून दोन रिक्षा बदलून, हातात नेहमीचा डबा. चहा ठेवायला गेले तर मागोमाग स्वयंपाकघरात आले, बोळा कोंबलेला नळ पाहिला आणि म्हणाले, "भाभी, लावो, हुं करी आपुं." करून देतो म्हणतात तर मी दोन्ही वॉशर काढून दिले. पॅसेजमध्ये कॉक बघायला गेले आणि तिथेच थबकले. पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला. शर्टाच्या बाहीतून तो जुना भाजल्याचा डाग दिसत होता. "आ तो यशवंतभाईनो टॅग छे," एवढंच म्हणाले. इतके दिवस जे कोणाला विचारता येत नव्हतं ते मी त्यांना विचारलं, "परमारभाई, लावणारा माणूस परत आलाच नाही, तर टॅग कोणी काढायचा?"

 त्यांनी कारखान्यातली रीत सांगितली. त्यांच्या अपघातानंतर सगळ्यांना ती तोंडपाठ करायला लावली होती म्हणे. आधी माणूस आत नाही याची खात्री करायची. सगळीकडे फिरायचं आणि "त्रण वार बूम पाडवानी, नाम दईने." नाव घेऊन तीन हाका. उत्तर आलं नाही तर दोघांनी टॅगच्या मागे आपापलं नाव लिहायचं आणि टॅग काढायचा. आणि तो माणूस परत आला की हत्याराला हात लावायच्या आत त्याला पहिली गोष्ट ही सांगायची, की तुझा टॅग आम्ही काढलाय. सांगून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला. "भाभी, हुं बहार बेठो छुं," म्हणाले आणि बाहेरच्या पायरीवर दाराकडे पाठ करून बसले.

मी आधी झोपायच्या खोलीत गेले. तोंडातून नाव निघेना. एक्केचाळीस वर्षांची सवय अशी कशी मोडणार? शेवटी म्हटलं, "यशवंत." माझाच आवाज मला परका वाटला. त्यांच्या बाजूच्या उशीवर दुपारचं ऊन पडलं होतं. मग स्वयंपाकघरात, त्या उघड्या नळासमोर, थोडं मोठ्याने, "यशवंत." तिसरी हाक मागच्या गॅलरीत, जिथे त्यांची हत्यारांची पेटी आहे. ती मी अगदी ओरडून मारली, लहान मुलीसारखी, आणि मारल्यावर थांबून राहिले. शेजारच्यांचा मिक्सर बंद झाला. पेटीवरचा पाना होता तसाच होता. कोणी ओ दिली नाही. मग मी तिथेच खाली बसले आणि सात आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर रडले.

परमारभाईंनी टॅगच्या मागे गुजरातीत आपलं नाव लिहिलं, खाली मी माझं. त्यांनी वॉशर बसवला, नळ आवळला आणि म्हणाले, कॉक तुम्हीच उघडा. मी उघडला. नळ थोडा फुरफुरला, जरा तांबूस पाणी आलं आणि मग स्वच्छ. बंद केला तर थेंब नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेल लावून गरम पाण्याने न्हाले. एका बादलीत. टॅग मी टाकला नाही. दाराशी स्कूटरच्या किल्लीची खुंटी आहे, तिथे तो अडकवलाय, मागची बाजू पुढे करून, म्हणजे आत येणाऱ्याला आधी आमची दोघांची नावं दिसावीत. रीतीतलं बाकी सगळं झालं. शेवटचं तेवढं त्यांना सांगायचं राहिलंय.