हाल्याची लांबडी

सायवनच्या पाड्यावरच्या हाल्याला त्याच्या गाडीचा कंटाळा आला होता. राग असता तर चार शिव्या देऊन माणूस मोकळा झाला असता. कंटाळा तसा जात नाही, तो हाडात जाऊन बसतो. हाल्याच्या तो कमरेत बसला होता.

गाडी लांबलचक. पुढे माणसांपुरती जागा आणि मागे अख्खं अंगण. घोलवडच्या जतीनशेठांच्या वाडीत ती चिकूचे खोके वाहायची, चालवायला हाल्या. शेठ तिला स्टेशन वॅगन म्हणत. वाडीत नवा टेम्पो आला तेव्हा शेठ म्हणाले, "हाल्या, हिला तूच घेऊन जा. दुसऱ्या कुणाचं ती ऐकत नाही." हाल्या खुशीत घेऊन आला. पाड्यावरची पोरं खो खो हसली, "ही गाडी आहे कं मगर?" आणि तिचं नाव लांबडी पडलं.

मग एकदा पाड्यावरच्या नवशीला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या. हाल्यानं मागचं सीट पाडलं, गोधडी अंथरली, आणि बाई पाय लांब करून डहाणूच्या दवाखान्यात गेली. त्या पाड्यावरून बाई झोपून दवाखान्यात जाते हे कुणी पाहिलं नव्हतं. पुढं धाकल्याचा बाप दवाखान्यात वारला. त्याआधी कुणी तिकडे मेलं, तर दोघं दोन बाजूंनी धरून, जिवंत असल्यासारखं बसवून त्याला जीपमधून आणायचे. धाकल्याचा बाप लांबडीत सरळ झोपून घरी आला, माणसासारखा. त्या दिवसापासून पाड्याचा जीव तिच्यावर जडला. चकचकीत गाडीवर पोराटोरांचा जीव जडतो. दमल्याभागल्यांचा जडतो तो पाय पसरायला मिळतात तिथे.

पण जीव पाड्याचा आणि स्टेअरिंग हाल्याच्या हातात. ताटावर बसला की बाहेरून हाक. "हाल्यादादा, आहेस कं?" नाही कसं म्हणणार? गाडी दारात उभी, घरापेक्षा लांब. ती लपत नाही म्हणून तोही लपत नाही.

शेवटी या उन्हाळ्यात त्यानं ठरवलं. तलासरीच्या नविनभाई भंगारवाल्याशी बोलणं झालं. गाडी त्याच्या दारात सोडायची, एसटीनं घरी यायचं आणि झोपायचं.

नेमकं गाडी द्यायच्या दिवशीच शितलचं लग्न निघालं. पोरगी याच पाड्याची, नवरा झरीचा जीवन, लग्न त्याच्या घरी. लग्न लावणार धवलेरी बायजी. आपल्या लोकांत लग्नाची गाणी म्हणणारी धवलेरी नसली तर लग्न लागत नाही, आणि बायजी बांधावरून पडून महिनाभर अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरनं बसायला बंदी केलेली. दुसरी धवलेरी आणा म्हटलं तर शितलची आजी रडायला लागली.

बायजीची सून संगीता हाल्याच्या दारात आली. ही संगीता सायवनला रिक्षा चालवते, पण रिक्षात म्हातारीला निजवणार कुठं?

"काका, एवढी शेवटची फेरी."

"शेवटचीच आहे बाई," हाल्या म्हणाला. "झरीला सोडतो आणि गाडी तलासरीला देऊन टाकतो."

हाल्याची बायको लाडकी चुलीपाशी होती. "आणि म्हातारीला परत कोण आणणार? तुझा भंगारवाला?"

"बघतील त्यांचं ते."

"बघतील! हा गादीवर घोरणार आणि ते बघतील."

हाल्यानं मागचं सीट पाडलं. बायजीला चौघांनी उचलून मागं निजवलं. म्हातारी कळवळली, मग हात पसरून म्हणाली, "ह्यात तर नाचता येईल गं."

संगीता पुढं बसली. वाटेतलं उधवा गाव मागं पडलं तरी तिच्या मनाला घोर. सासू महिनाभर पडून, औषधांनी घसा सुकलेला, मांडवात आवाजच नाही फुटला तर? तिनं मागं वळून म्हटलं, "आये, जरा गळा चालतो कं बघ ना."

बायजीनं डोळे मिटले आणि सुरू केलं. आवाज चांगला खणखणीत. संगीता खूश झाली. हाल्यानं मात्र गाडी हळू केली.

"अगं, काय केलंस! तिला सुरू केलंस तू!"

संगीताला आता आठवलं. बायजीला जिनं गाणी शिकवली, तिनं नियम घालून दिला होता. देवांना बोलवायला एकदा तोंड उघडलं, की नवरानवरीवर तांदूळ पडेस्तोवर मध्ये तोडायचं नाही. बाकीच्या धवलेरी पाळोत न पाळोत, बायजी पाळायची. घोटभर पाण्यापुरती थांबायची, बस.

"आये, राहू दे, तिथं गेल्यावर म्हण."

बायजीनं गाता गाताच हात हलवून तिला गप्प केलं. लग्नाच्या पालघट देवीला हाक मारून झाली होती, बाकीच्यांचीही नावं घेऊन झाली होती. आता त्यांना वाटेत उतरवायचं कसं?

तलासरीत नविनभाई दुकानाबाहेर उभाच होता. लांबडी ओळखून त्यानं हात केला, "काका, आवो ने!" हाल्यानं काचेतून नुसतं मागं बोट दाखवलं आणि गाडी पुढं काढली. देव भरलेली गाडी भंगाराच्या दारात उभी करायची त्याची छाती झाली नाही.

झरीला पोचले तर मांडव तयार, घरात भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवीचा चौक लिहून तयार, ताडी पिऊन वऱ्हाडही तयार. नवऱ्याचा बाप काकड्या खाट घेऊन धावला.

"उतरवा म्हातारीला!"

"हात लावू नको," संगीता म्हणाली. "उचलली की ओरडेल. ओरडली की गाणं तुटलं."

"मग काय लग्न गाडीत लावू? पाहुणे काय म्हणतील?"

"पाहुणे काय म्हणायचे ते म्हणू देत. आत देव बसलेत, त्यांना काय सांगतोस ते बोल."

काकड्यानं खाट खाली ठेवली. मांडवाचा एक खांब काढला, कुडाची एक बाजू उचलून धरली. हाल्या कमरेवर हात दाबत पुन्हा स्टेअरिंगवर बसला आणि गाडी उलटी, इंच इंच, दारापर्यंत नेली. मागचं दार वर उघडलं. बायजी कुशीवर निजली होती तिथून तिला भिंतीवरचा चौक समोर दिसू लागला. ती गात राहिली. शितल आणि जीवन दारात, गाडीच्या पाठीशी उभे राहिले, आणि तांदूळ पडले ते अर्धे त्यांच्यावर, अर्धे गाडीत.

मग कुणीतरी हळदीची बोटं गाडीला लावली. दुसरीनं कुंकू लावलं. बुधीबाई म्हणून झरीची एक म्हातारी होती, तिनं आत हात घालून गोधडी चाचपली आणि विचारलं, "दादा, माझ्या वेळेला येशील कं रे?"

हाल्या मांडवाच्या खांबाला टेकला. एक पाडा निस्तरता येत नव्हता, आता झरीही आली. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. नविनभाई.

"काका, येता की नाही? मी थांबलोय."

हाल्यानं गाडीकडे पाहिलं. आत बायजी घाम पुसत पाणी पीत होती. हिला घरी न्यायचं होतं, आणि हिच्यानंतर कुणालातरी. गाडीचा काय दोष? ती बिचारी दारात उभी राहते, हाक तर त्याला येते.

"नविनभाई, गाडी नाही द्यायची," तो म्हणाला. "भंगारात मी निघालोय. मला घेतोस का?"

नविनभाई हसला. "माणसाला भाव नाही काका."

"ते ठाऊक आहे मला."

फोन ठेवून त्यानं किल्ली संगीतापुढं धरली. "घे. आजपासून तुझी. हाक आली तर तुझ्या दारात येऊ दे."

"काका, मला रिक्षाची सवय. हिचं पुढचं टोक कुठं, मागचं कुठं, मला कळणार नाही."

"मला तरी पहिल्या वर्षी कुठं कळत होतं? वाडीचं फाटक दोनदा पाडलंय मी."

"आणि जेवताना हाक आली तर?"

"तर जेवण झाकून ठेवायचं. तुझ्यानं होत नसेल तर आत्ताच सांग."

संगीतानं किल्ली थोडा वेळ हातात फिरवली, मग पदर खोचला.

हाल्या मागं चढला. बायजीनं एक डोळा उघडला. "तू कुठं इथं?"

"सरक जरा."

"मेल्या, माझी कंबर मोडलीय."

"माझी काय नवी आहे?"

म्हातारी हातभर सरकली. गाडी आचका देऊन निघाली, बंद पडली, पुन्हा निघाली. पुढून संगीता ओरडली, "काका, हिचा दुसरा गिअर पडत नाही!"

हाल्याला ठाऊक होतं, तो जरा डावीकडे रेटून घ्यावा लागतो. सांगायला तोंड उघडलं होतं त्यानं. मग मिटलं. पडेल तिचा तिला, म्हणून त्यानं पाय लांब केले आणि डोळ्यांवर टोपी ओढली.